परतीचं कारण

व्हिसा शेवटी बाबांना मिळाला, मला मिळाला नाही. हे वाक्य लिहून झालं, आता ते विसरून जावं, कारण असं काही घडलेलंच नाही. त्या मंगळवारी बाबा लागोसला गेले नव्हते. ते इजेबू-ओडेला एका जुन्या सहकाऱ्याच्या अंत्यविधीला गेले होते. मीही लागोसला गेलो नव्हतो; मी आबेओकुटाला एका हॉटेलचा जनरेटर दुरुस्त करायला गेलो होतो. बाबांचा तो सहकारी मेला नव्हता, कारण तो मुळात जन्मालाच आला नव्हता, आणि माझ्या हॉटेलचा पायासुद्धा अजून कुणी खणलेला नाही. तरी इबादानच्या आमच्या घरात या दोन्ही गोष्टींची आजही नीट विचारपूस होते. आई मधूनच म्हणते, त्या हॉटेलवाल्यानं पुन्हा बोलावलं नाही का रे. मी म्हणतो, नाही, जनरेटर बरा चाललाय वाटतं. आई म्हणते, इतकं चांगलं काम करू नये, पोट चालत नाही त्यानं. आणि मग आम्ही दोघं जेवतो.

आमच्याकडे परदेशी जाणारा माणूस कुणाला सांगून जात नाही. दृष्ट लागते. नातेवाइकांतलं कुणीतरी गावाकडे बसून तुमच्या पासपोर्टावर फुंकर घालतं आणि विमान उडत नाही, असं शिकली-सवरलेली माणसंही मानतात, उलट ती जास्त मानतात, कारण त्यांच्याकडेच पासपोर्ट असतो. माझा एक मित्र संध्याकाळी पाव आणायला म्हणून कोपऱ्यावर गेला आणि चार दिवसांनी त्याचा लीड्सहून फोन आला. पाव कसा आहे तिथला, एवढंच मी विचारलं. आमच्या चर्चमधला ऑर्गन वाजवणारा एका रविवारी आला नाही, आणि पाद्रीबुवांनी त्याच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून देवाचे आभार मानले. तेव्हा मी घरात काही बोललो नाही यात लपवाछपवी नव्हती, रीत होती. ती रीत बाबाही पाळत असतील, असं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. बाप हा मागे राहणारा माणूस असतो, अशी माझी समजूत होती. निरोप द्यायला कुणीतरी लागतंच.

लागोसमधल्या त्या व्हिसाच्या कचेरीत एसी इतका लावलेला असतो, की आत पाऊल टाकलं की तुम्ही अर्धे पोहोचलात असं वाटावं. फोन दारात काढून घेतात. हातात टोकन देतात. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एकजण हलला की सगळी रांग हलते. मी फायली मांडीवर घेऊन मनातल्या मनात बसचा नंबर घोकत होतो, म्हणजे तिकडच्या गावात वसतिगृहापासून विद्यापीठापर्यंत जी बस जाते तिचा, कारण तो विचारतात असं व्हिसाच्या क्लासमध्ये सांगितलं होतं. आणि दारातून बाबा आत आले. राखाडी सूट, तो माझ्या पॉलिटेक्निकच्या समारंभाला घातलेला. बगलेत प्लास्टिकची फाइल. अंत्यविधीला असं कुणी जात नाही. अंत्यविधीला आमच्याकडे रंगीत कापड नेसून जातात. माझ्या मनाला काही कळायच्या आत माझं अंग उठलं. वडील समोर आले की पालथं पडायचं, छाती जमिनीला टेकवायची, हे माझ्या अंगाला माझ्या आधीपासून ठाऊक आहे. लहानपणी तर मी झोपेतून उठून, डोळे मिटलेले असतानाच, बाबांच्या आवाजाच्या दिशेनं आडवा होत असे. तसा मी गुडघ्यांतून वाकलो, हात जमिनीकडे गेले, आणि अर्ध्या वाटेवर मला बाबांचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत राग नव्हता. विनंती होती. बाबा जन्मभर शिक्षक; शिक्षकाच्या डोळ्यांत विनंती मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती इतकी विचित्र दिसत होती, की मी तसाच वाकलेला राहून बुटाची नाडी बांधू लागलो. माझ्या पायात सँडल होत्या. मी बराच वेळ बांधत होतो.

बाबा येऊन त्याच रांगेत बसले. आमच्यामध्ये एक बाई होत्या, हिरवा डोईरुमाल बांधलेल्या, त्याही ओठ हलवून कुठल्यातरी बसचा नंबर घोकत होत्या. त्यांनी बाबांना अदबीनं विचारलं, "बाबा, मुलाला सोडायला आलात का?"

"नाही," बाबा म्हणाले. "माझंच आहे."

"देवाची कृपा. आणि हे?" म्हणून त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तुमचे कोणी? नाही, कान अगदी एकसारखे आहेत म्हणून विचारलं."

"कान सगळ्यांचे सारखेच असतात," बाबा म्हणाले.

मी माझ्या कानाला हात लावून बघितला. तो थंड पडला होता. आणि तेवढ्या थंडीनं मला आईचं कोल्डरूम आठवलं, आणि ते आठवल्याबरोबर सगळा हिशोब असा सरळ सुटत गेला, की मला स्वतःच्याच मठ्ठपणाचं कौतुक वाटलं. आई बोदिजा बाजारात बर्फातली मासळी विकते. तिच्या गाळ्यामागे ती खोली आहे, जाड दाराची, आत पांढऱ्या धुरासारखा गारवा, खोक्यांवर खोकी. वीज गेली की जनरेटर मी सांभाळतो, त्यामुळे मी तिथं जाणं यात नवल नाही. पण गेले काही महिने मी दार लावून आत नुसताच उभा राहत होतो. थंडीची सवय करायला. बर्फाळलेल्या बांगड्यांच्या समोर उभं राहून मी इंग्रजीत स्वतःची ओळख करून देत असे. ते डोळे मिटत नाहीत, चांगले ऐकणारे आहेत. एकदा मी दार उघडतो तर आतून बाबा बाहेर आले. भुवयांवर दहिवर. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, डोकं तापलं होतं. मी म्हणालो, हो, उकडतंय खरं. आणि मी आत गेलो नि दार लावून घेतलं. दोघं एकाच खोलीत पाळीपाळीनं इंग्लंड करत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्याचं जरा डोकं तापलंय.

मग फाग्बेमी मॅडमही आठवल्या. त्यांचा ओव्हरसीज क्लास औषधाच्या दुकानाच्या माडीवर आहे. त्या मला नेहमी दुपारची वेळ देत, सकाळी कितीही मोकळ्या असल्या तरी. मला वाटायचं सकाळी त्यांची प्रार्थना असेल. त्या स्वतः इंग्लंडला कधी गेल्या नाहीत. मी गेले असते तर तुम्हाला कुणी पाठवलं असतं, असं त्या म्हणत. तिकडचं शिक्षण त्या इमारतीसारखं समजावत. "हे बघ कोलापो. शाळा संपली की तू तिसऱ्या मजल्यावर. पदवी सहावा मजला, तीन वर्षांचा जिना. मास्टर्स सातवा, तिथं जिना नाहीच, लिफ्ट, एका वर्षात वर. आठव्यावर डॉक्टर लोक. त्याच्यावर गच्ची, तिथं कपडे वाळत घालतात." मी विचारलं, मी कुठं आहे. त्यांनी माझी पॉलिटेक्निकची प्रमाणपत्रं उन्हाकडे धरून पाहिली, नोट खोटी आहे का पाहतात तशी, आणि म्हणाल्या, "तू पाचव्या नि सहाव्याच्या मध्ये जिन्यात उभा आहेस. पोरं वाईट नसतात जिन्यातली. पण त्यांना आधी एक छोटा कोर्स करावा लागतो, दारात पाय पुसण्याचा." त्यांनी मला तिकडच्या एका मध्यम आकाराच्या गावातलं विद्यापीठ काढून दिलं आणि ते गाव माझं लहानपणापासूनचं स्वप्न कसं आहे हे पाठ करून घेतलं. त्याआधी मला त्या गावाचं नाव उच्चारता येत नव्हतं. स्वप्नांचं बहुधा असंच असतं. मग माझ्या कागदांत चार वर्षांचं भोक होतं, म्हणजे शिक्षण संपल्यापासून मी नुसताच जनरेटर दुरुस्त करत होतो, त्या भोकाचं काय करायचं यावर आमची एक अख्खी दुपार गेली. भोक तिकडच्यांना आवडत नाही. पुढे मला कळलं, की बाबांच्या कागदांत पस्तीस वर्षांचं भोक होतं, आणि मॅडमनी त्याला एका सकाळीत आजीवन शिक्षण असं नाव देऊन टाकलं. भोक एका मर्यादेपलीकडे मोठं झालं की त्याला भोक म्हणत नाहीत, दार म्हणतात.

पण मॅडमचा मुख्य धडा परतीचा होता. तो त्या खुर्चीवरून उठून, उभ्या राहून शिकवत. तिकडच्या माणसाला एकच धास्ती असते, त्या सांगत. तुम्ही याल याची नाही, तुम्ही राहाल याची. तो तुम्हाला दहा प्रश्न विचारतो, पण खरा प्रश्न एकच असतो, तुमचं दावं कुठल्या खुंटीला बांधलंय. तेव्हा त्याला खुंटी दाखवा. "बायको आहे का तुला?" नाही. "जमीन?" नाही. "अशी नोकरी जी तुझी वाट बघेल?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "वडील आहेत का?" आहेत, निवृत्त शिक्षक, भूगोलाचे. "मग वडील लिही. एकुलता एक मुलगा, म्हातारे वडील, त्यांची देखभाल. आफ्रिकेतला मुलगा बापासाठी परत येतो यावर त्यांचा फार विश्वास आहे, त्यांच्याकडे तसं कुणी येत नाही." मी लिहिलं. वडील ही माझी खुंटी. त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत, सकाळच्या वेळी, मुलगा आहे का गुरुजी, मग मुलगा लिहा, असं म्हणताना मॅडमच्या चेहऱ्यावर काय होतं, हे मला बघायला आवडलं असतं. नंतर मी त्यांना जाब विचारला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, की गिऱ्हाइकाचं गुपित त्या बापालाही सांगत नाहीत, आणि इथं तर बापच गिऱ्हाईक होता.

टोकनचा नंबर पुकारला आणि बाबा उठले. रांग हलली. बोटांचे ठसे घेणाऱ्या मुलीनं त्यांची बोटं काचेवर पुन्हा पुन्हा दाबली, ठसे उमटेनात. खडूनं झिजलेत, बाबा म्हणाले, आणि वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे ओशाळले. कुठल्यातरी बोटानं शेवटी दया केली. मग त्यांना मुलाखतीच्या खोपटात नेलं. पत्र्याच्या कपाटाएवढी जागा, प्लायवूडच्या भिंती, आत एक पडदा, पडद्यावर हजारो मैलांवरून बोलणारा गोरा तरुण. माझी खुर्ची त्या प्लायवूडला टेकलेली होती. तरुणाचा आवाज मला ऐकू येत नव्हता. बाबांचा येत होता. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज त्यांना कमी करता येत नाही. जेवताना मीठ मागतात तेव्हाही शेजारचे मीठ घेऊन येतात.

बाबा नदीबद्दल बोलत होते. नद्यांचं व्यवस्थापन असा काहीसा त्यांचा कोर्स होता. आयुष्यभर मी ब्रिटनच्या नद्या फळ्यावर काढल्या, ते सांगत होते, उगमापासून मुखापर्यंत, न बघता, डोळे मिटून काढू शकतो. एकदा तिथं पाणी असतं का ते पाहायचं आहे. मग कुठल्याशा प्रश्नावर ते थांबले. आणि म्हणाले, की तरुणपणी त्यांना तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. जागा मिळाली होती, कोट शिवून झाला होता. त्याच साली नायऱ्याचा भाव पडला, सरकार पडलं, आणि कोट धाकट्या भावाच्या लग्नात वापरला. हे मी घरात कधी ऐकलं नव्हतं. आईनं ऐकलंय की नाही ठाऊक नाही. तो फोटो मात्र घरात आहे, काकाच्या लग्नाचा, आणि त्यात काका त्याच्या अंगाला मोठ्या होणाऱ्या कोटात उभा आहे. लहानपणी मी विचारायचो, काकाला कोट मोठा का. बाबा म्हणायचे, तो वाढेल म्हणून. काका तेव्हा तिशीचा होता.

मग परतीचा प्रश्न आला असणार, कारण बाबांनी घसा साफ केला. "मला एकुलता एक मुलगा आहे," ते म्हणाले. "कोलापो. तो इबादानला असतो, माझ्याजवळ. म्हातारपणी माझी देखभाल तोच करणार आहे, तो कुठंही जाणार नाही." इथपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणत होतो, हे फाग्बेमी मॅडमचं वाक्य होतं, मुलगा या शब्दाच्या जागी वडील घातलं की माझं. आता पुढचं वाक्य जबाबदारीचं येणार, मला ठाऊक होतं. ते आलं नाही. बाबा म्हणाले, "त्याच्या हातात गेलेलं यंत्र बोलायला लागतं. मी एवढी पोरं शिकवली, असे हात पाहिले नाहीत. त्याला सोडून मी तुमच्या नदीकाठी एक दिवससुद्धा जास्त राहणार नाही."

हे वाक्य मॅडमच्या नमुन्यांत नाही. मी नंतर तपासलं. त्यांचे सगळे नमुने मला पाठ आहेत. त्यांत शेती आहे, चर्चचं काम आहे, आजारी आजी आहे, यंत्र नाही. घरात माझ्या हातांबद्दल बाबांचं एकच वाक्य आहे, तेलाचे हात दाराला लावू नकोस. ते त्यांनी इतक्यांदा म्हटलंय, की आमच्या दारालाही पाठ झालं असेल. आणि इथं, एका अनोळखी गोऱ्या पोरासमोर, जो बहुधा घड्याळाकडे बघत असेल. मी प्लायवूडला डोकं टेकवून बसलो. प्लायवूड गरम होतं, पलीकडून बाबा टेकले असावेत. हे वाक्य खरं आहे का, की व्हिसासाठी आहे, हा साधा प्रश्न. पण तो विचारायचा तर आम्ही दोघं तिथं होतो हे कबूल करावं लागेल, आणि आम्ही तिथं नव्हतो. इतकं चांगलं वाक्य कुणी व्हिसासाठी वाया घालवेल का. पण व्हिसासाठी नाही तर माणूस चांगलं वाक्य कशासाठी ठेवतो. दिवसभर मी असं उलटसुलट करत राहिलो, आणि अजून करतो.

बाबा बाहेर आले आणि माझा नंबर पुकारला. आम्ही त्या अरुंद वाटेत समोरासमोर आलो. मी पुन्हा वाकायच्या बेतात होतो. त्यांनी बाजूला होऊन, परक्या माणसाला देतात तशी, वाट दिली. खुर्ची अजून गरम होती. पडद्यावरच्या तरुणाला सर्दी झालेली होती. त्यानं बसचा नंबर विचारला, मी सांगितला. तेच गाव का, मी स्वप्न सांगितलं. मग त्यानं परतीचं विचारलं, आणि मला ठाऊक होतं की आता तोंड उघडलं की काय होईल. बाबांनी मला खुंटीला बांधून ठेवलं होतं, नुकतंच, शेजारून, मोठ्या आवाजात. मी जर म्हणालो की माझी खुंटी बाबा, तर एकमेकांना बांधलेले दोन बैल मोकळ्या रानात सोडल्यासारखं. दुसरं काही सांगावं म्हटलं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आणि मला जायचं होतं. जिन्यात उभं राहून माझे पाय दुखत होते.

"माझे वडील," मी म्हणालो.

ते पूर्णपणे तुझ्यावर अवलंबून आहेत का, त्यानं विचारलं. पूर्णपणे, मी म्हणालो, चष्मासुद्धा मी शोधून देतो. आत्ता कुठं आहेत? घरी, मी म्हणालो, पाय दुखतो त्यांचा, दुपारचे झोपतात. घरातलं आणखी कुणी ब्रिटनला येण्याच्या विचारात आहे का?

"नाही. बाबांना थंडी सोसत नाही."

प्लायवूडपलीकडून खोकला आला. तो मी ओळखला. तरुणानंही तिकडे नाक शिंकरलं, आणि एक क्षण असं वाटलं, की ते दोघं माझ्या डोक्यावरून काहीतरी बोलताहेत.

परतीच्या बसमध्येही आम्ही एकत्र सापडलो, कारण इबादानच्या बस त्या वेळी तिथूनच सुटतात, याला आम्ही काय करणार. बाबा पुढच्या बाकावर, मी मागे. सगळी वाट मी त्यांची मान बघत होतो. मानेवरचे केस त्यांनी आदल्या दिवशी नव्यानं कापून घेतले होते. पडद्यावर मान दिसत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. महामार्गावर गाड्या तुंबल्या तेव्हा खिडकीशी विक्रेते आले. बाबांनी तळलेल्या केळ्याच्या कापांच्या दोन पुड्या घेतल्या. एक खाल्ली. इवो रोडला ते उतरले तेव्हा दुसरी त्यांच्या बाकावर राहिली होती. कुणीतरी विसरलेली पुडी. मी ती खाल्ली. बाबांनी दिली असं म्हणता येणार नाही.

घरी मी मुद्दाम उशिरा पोहोचलो. आई आमाला, म्हणजे कंदाच्या पिठाचे उकडलेले गोळे, वाढत होती. बाबा हात धुऊन बसले होते. मी दारातच पालथा पडलो, रीतसर, दिवसभराची थकबाकी असल्यासारखा, आणि उठून बसलो.

"आबेओकुटाचा जनरेटर?" बाबांनी विचारलं.

"सुरू झाला. अंत्यविधी?"

"नीट पुरलं," बाबा म्हणाले. "मीठ दे."

आई दोघांकडे बघत होती. तिनं मीठ दिलं, आणि माशाचा मोठा तुकडा कुणाला वाढावा यावर तिचा हात जरा थबकला. मग तिनं तो मधोमध तोडला.

निकाल आले ते वेगवेगळ्या आठवड्यांत. बाबांचं नाव आदेयिंका, माझं कोलापो. इंग्रजी मुळाक्षरांत ए आधी, के नंतर, एवढंच कारण मला लावता येतं. त्यांचा अर्ज उघडला तेव्हा मी इबादानला ठाम उभा होतो, कुठंही न जाणारा, उत्तम खुंटी. माझा अर्ज उघडला तेव्हा बाबा विद्यार्थी होऊन बसले होते. तिकडच्या कचेरीनं मला अतिशय सभ्य भाषेत कळवलं, की अर्जदारानं परतीचं कारण म्हणून ज्या वडिलांचा उल्लेख केला आहे, ते वडील त्याच पत्त्यावरून, त्याच सत्रासाठी येत असल्यानं सदर कारण शिल्लक राहत नाही. चूक काढायला जागा नव्हती. आम्ही आईपासून, शेजाऱ्यांपासून, चर्चपासून, एकमेकांपासून लपवलं, आणि घराचा पत्ता मात्र दोघांनी त्यांना खराखुरा लिहून दिला. भूगोलाच्या माणसाला पत्ता खोटा लिहिता येत नाही, आणि मी त्याचाच मुलगा.

बाबा निघाले ते रविवारी, चर्चनंतर, भर दुपारी. इलोरिनला अंत्यविधी आहे, त्यांनी सांगितलं. त्यांच्याजवळ दोन मोठ्या सुटकेसी होत्या. "मोठा माणूस होता," ते म्हणाले. आईनं एकीत गारी म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, वाळवलेले मासे, मिरचीची पूड भरली. अंत्यविधीत जेवणाचे हाल होतात, असं ती म्हणाली. मी सुटकेसी टॅक्सीत ठेवल्या. मग व्हरांड्यात बाबांच्या समोर आडवा झालो, पूर्ण, कपाळ फरशीला लावून. एरवी बाप खांद्याला हात लावतो आणि मुलगा उठतो. हात लागेना. मी तसाच पडून राहिलो. फरशी उन्हानं तापलेली, नाकाशी त्यांचे बूट, पॉलिश केलेले, त्यांच्या नाड्या नव्या.

"काय करतोयस?" वरून आवाज आला. "नाडी बांधतोयस का?"

माझ्या पायात सँडल होत्या. "हो बाबा."

"घट्ट बांध," ते म्हणाले, आणि मग खांद्याला हात लागला.

ते गेल्यावर वीज गेली, म्हणून मी बाजारात आईच्या गाळ्यावर गेलो, जनरेटर लावला. आई कोल्डरूममध्ये खोकी सारत होती. मला आत बघून ती म्हणाली, इतक्या वर्षांत या खोलीत माझ्या मागे कुणी प्रेमानं आलं नाही, आणि एका हंगामात दोघंही थंडी बघायला आलात. मला काय वाटलं असेल, मासे आवडायला लागले? तोंडातून वाफ येत होती, दोघांच्याही.

"मी देवाकडे एवढंच मागितलं," आई म्हणाली, "की यातला जो परत येईल त्यालाच जाऊ दे. मग बाबांचं ठरलं, तेव्हा मी निर्धास्त झाले. हे खोकं धर."

मी खोकं धरलं. देवही त्या कचेरीसारखा फक्त कागद बघत असेल, असं मला तेव्हा वाटलं नाही. तेव्हा ते खोकं जडच लागलं नुसतं. आता एक वर्षाचा कोर्स संपून बरेच महिने झाले. बाबांचा पदवीदानाचा झगा घातलेला फोटो आला. मागे नदी आहे असं त्यांनी लिहिलं होतं. मोठा करून बघितला तर मागे गाड्या उभ्या होत्या. नदी कशी आहे, मी फोनवर विचारलं. बारीक आहे, ते म्हणाले, मी फळ्यावर जाड काढत होतो. परत कधी, हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, की कोर्सनंतर काही काळ राहून काम करता येतं, नियमात बसतं. ते एका म्हाताऱ्या इंग्रजाची देखभाल करतात. त्याचा मुलगा दुसऱ्या देशात असतो. त्याला चष्मा शोधून द्यावा लागतो, बाबा म्हणाले. शेजारी विचारतात तेव्हा आई सांगते, इलोरिनला आहेत, अंत्यविधी लांबला.

मी फाग्बेमी मॅडमकडे पुन्हा गेलो, या वेळी सकाळी. सकाळ आता मोकळी होती. त्यांनी माझा अर्ज पाहिला आणि डोकं हलवलं. "तुझं परतीचं कारण तिकडं राहतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते आता जायचं कारण झालं. ते चालत नाही." शिवाय मी हलायचं कसं, बाबांच्या कागदांवर खुंटी म्हणून मी आहे. मी इथं नसलो तर ते तिथून कशाच्या जोरावर परत येणार होते, असं कुणी विचारलं तर. तेव्हा मी इथंच आहे. जनरेटर दुरुस्त करतो. कधीकधी रिकाम्या दुकानात एखादं जुनं इंजिन उघडून, हात लावून, काही म्हणतं का ते ऐकत बसतो. ते फटफटतं. बोलणं म्हणता येईल का त्याला, मला ठरवता येत नाही.

तरी मा. अधिकारी महोदयांस नम्र विनंती, की निम्नस्वाक्षरीकार हा श्री. आदेयिंका ओयेलारान यांच्या परतीचं कारण म्हणून इबादानच्या त्याच पत्त्यावर अखंड हजर असून, सदर कारण पुरेसं आहे किंवा कसं, याची आपल्या सोयीनं तपासणी व्हावी. पुरेसं नसल्यास अर्जदारास या पदावरून मुक्त करण्यात यावं. तसंच, ज्या मुलाखतीस अर्जदार हजर नव्हता आणि जी झालेलीच नाही, तिचं ध्वनिमुद्रण आपल्या दप्तरी असल्यास, त्यातील यंत्राबद्दलचं एक वाक्य, इतर कोणताही मजकूर न जोडता, अर्जदाराच्या माहितीसाठी पाठवण्यात यावं, ही विनंती.